दुसरी खुर्ची

टोलेडोत, नदीपलीकडे, ओडेसा प्रुइटचं सलून.
तिला दुसरी खुर्ची हवीय, त्यासाठी अकरा हजार डॉलर.
मॉडेल म्हणालं, नको.
कारण नीट, नम्र, तीन ओळींत.

जेवणाच्या सुट्टीत मी फक्त नाव बदललं.
कमाई तीच, थकबाकी तेव्हाही शून्य, आताही शून्य.
मॉडेल म्हणालं, द्या.
कारण पुन्हा नीट, नम्र, तीन ओळींत.

मग तिचंच नाव परत घालून विचारलं.
या खेपेला: बघू.

माझ्याआधी या टेबलावर हॅल्वर्सन बसायचा.
काही नावं वाचून तोंड वाकडं करायचा.
निदान ते दिसायचं तरी.

साडेचारला ती येईल,
नखांत केसांचा रंग, हातात पावत्यांचा डबा.
काय सांगू तिला?
कितव्यांदा विचारलं, तेव्हाचं उत्तर?