पीळ

आधी बटाटा दातांवर बसवायचा.
मार्लिस तो असा टोचते, जशी कुणी टोपी
खुंटीला अडकवावी, न बघता.
मग हँडल. मग माझा हात.
मी सोळाचा, आयडाहोतल्या नऊ दिवसांच्या जत्रेपुरता कामाला,
आणि पहिल्या दिवशी माझा प्रत्येक बटाटा अर्ध्यातच तुटला.
"पातं तुझ्यासाठी थांबलेलं नाही," ती म्हणाली,
"पण ते पळतही नाहीये."

स्नेक नदीपलीकडच्या शेतातला रसेट,
डोळ्यांमध्ये अजून माती,
फिरता फिरता आपलं पोट बाहेर काढतो
सलग, ओलं, थरथरतं.
वेलांटीवर वेलांटी, वेलांटीवर वेलांटी,
जणू कुणी लिहायला बसलंय
आणि अक्षरच द्यायला विसरलंय.

खाली बर्फाचं पाणी. ते दुधाळ होतं.
ओता, पुन्हा भरा,
पाणी नितळ होईपर्यंत, बोटं परकी होईपर्यंत.
मग टॉवेल. नीट पुसलं नाही तर तेल अंगावर थुंकतं,
हे मला मार्लिसनं सांगितलं होतं.
पटवून दिलं ते तेलानं.

पिठात पाप्रिका, लसणाची पूड, कांद्याची पूड
आणि एक डबा, ज्यावर काहीच लिहिलेलं नाही.
ती पाठमोरी असताना मी बोट बुडवून चाटलं.
बहुतेक मोहरी.
बहुतेक.

तळायचं दोनदा. एकदा मंद, नुसतं शिजण्यापुरतं.
एकदा कडक, रंग चढेपर्यंत.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात,
इथे तो पक्का व्हावा म्हणूनच जाळायचं.

संध्याकाळी मेंढ्यांची स्पर्धा संपली की रांग लागते.
पाठीवर नंबर लावलेली पोरं,
बुटांना शेण, हातात चुरगळलेल्या नोटा.
टॅम्सिनची मेंढी शेवटून पहिली आली.
तिच्या कागदी होडीत मी सगळ्यात लांब वेटोळं ठेवलं.
तिनं ते आधी मनगटात घातलं,
मग कानाला लावून पाहिलं,
मग मान मागे टाकून
वरून सोडलं तोंडात, हळू,
विहिरीत दोर सोडावा तसं.
रडणं कुठे थांबलं ते तिलाही कळलं नाही.

लावार क्रिस्टोफरसन स्वतःचं मीठ घेऊन येतो.
केचप आणि मेयोनेज कालवलेला गुलाबी सॉस
दोन वाट्या लागतो त्याला, एक खायला,
एक शर्टावर सांडायला.

आणि एक गोष्ट कुणी विचारत नाही:
कुरळं सगळं निघून गेल्यावर
यंत्रात मधोमध एक काडी उरते,
पेन्सिलीएवढी, सरळ.
मार्लिस ती कॉफीच्या डब्यात टाकते, पाण्यात.
सहाव्या दिवशी मी विचारलं.
"व्हर्लिन तेवढंच खायचा.
म्हणायचा, एवढ्या वाकड्यात
कुणीतरी सरळ खायला नको का."
मग तिनं पुढचा बटाटा टोचला.

नवव्या रात्री पाळण्याचे दिवे विझले.
तेल काळपट झालं होतं, फेकायच्या लायकीचं.
तिनं डबा उपडा केला, काड्या पुसल्या,
सगळ्या एकदम सोडल्या.

चांगल्या नव्हत्या.
बाहेरून करपलेल्या, मधे कच्च्या, मीठ जास्त.
लाकडाच्या खोक्यांवर बसून
आम्ही एकही उरू दिली नाही.

घरी आई म्हणाली, तुझे केससुद्धा तळलेत.
दोनदा धुतले.
वास मंगळवारपर्यंत होता.