टिंबं विसरू नकोस

पास्कल तुस्कानो कवळीची तक्रार घेऊन आले तेव्हा
मी मेणाची दाढ कोरत होते.
बराच वेळ नुसते उभे राहिले, माझ्या हाताशी कान लावल्यासारखे.
दुसऱ्या दिवशी परत आले, काखेत खोका:
मालगाडीच्या गार्डचा डबा, सत्त्याऐंशी पट लहान,
जावयाने परदेशातून धाडलेला, सुटा सुटा.
'काचबिंदू आहे मला. तुझा हात चालतो.
कवळीचे पैसे वेगळे, याचे वेगळे.'

मग वडाळ्याच्या आमच्या लॅबमध्ये
प्लास्टरच्या जबड्यांच्या फळीखाली
संध्याकाळी सातनंतर यार्ड सुरू झालं.

चौकटीतला एकेक भाग खुडायचा,
उरलेला देठ पात्याने तासायचा.
दाराशेजारचा दांडा शेवयीहून बारीक.
मी शिंकले आणि तो गेला.
तासभर फरशीवर गुडघे घासले.
शेवटी दातांच्या तारेचा वळवून बसवला.
त्यांना सांगितलं नाही.

गार्डची पेटी खोक्यात नव्हतीच.
'पेटीशिवाय मी निघत नसे,' म्हणून हटून बसले.
ज्या गुलाबी पुडीतून त्यांच्या हिरड्या झाल्या
त्यातलीच चिमूटभर घेतली, पेटी घडवली,
काळी रंगवून आत ठेवली.
वर छप्पर चिकटलं. आता ती कुणालाच दिसायची नाही.

रंगाचं मात्र जमेना.
आमच्या धंद्यात दातांच्या सोळा छटा,
प्रत्येकीला नंबर.
गंजाला नंबर नाही.
'लाल नको. विटेचाही नको.
विड्यात कात जास्त झालेला, थुंकून दोन दिवस झालेले,
तसा.'
अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून चार डब्या आणल्या,
बशीत कालवत बसले, आणि प्रत्येक छटा
त्यांना बोलून दाखवली. मला तोवर माहीत नव्हतं
मला तपकिरीसाठी इतके शब्द येतात.

खाडीकडून दमट हवा आली की
फवारलेल्या रंगावर दह्यासारखी साय धरते.
खिडक्या लावल्या, डबा दिव्याखाली ठेवला,
तर एक पायरी वाकली.
'राहू दे. माझ्या डब्याची वाकलेलीच होती.'
खरंच होती, की माझी समजूत काढली, देव जाणे.

अक्षरं आली होती ती कुठल्याशा परक्या रेल्वेची.
म.रे. हातानेच काढायचं होतं,
तीन केसांच्या ब्रशने, श्वास धरून.
'टिंबं विसरू नकोस,' ते म्हणाले,
'नाहीतर डबा मरे.'
आणि स्वतःच हसले,
इतके की वरची कवळी सुटली.

काल त्यांच्या हातात दिला.
डोळ्यांशी नेलाच नाही. नखाने वाचला,
छपराच्या कडेने, रिव्हेट मोजत, ओठ हलवत.
एका जागी थांबले. 'इथला एक घासलास.'
घासला होता.
दांड्याशी आले. तिथे बोट जरा जास्त वेळ राहिलं.
'गार आहे,' म्हणाले,
'पहाटे इगतपुरीला असाच लागायचा.'

शेवटचं टिंब मी मुद्दाम ठेवलं होतं.
ब्रश त्यांच्या बोटांत, मनगट माझ्या मुठीत,
रेच्या पुढे नेलं.
टेकलं ते खाली, त्या वाकड्या पायरीवर.
पांढरा ठिपका.
थिनरने पुसता आला असता.

'याच्या पुढे काय जोडायचं?' मी विचारलं,
खोक्यात तर एवढंच.
'ते पुढच्यांनी बघावं.
एकतीस वर्षं एंजिन मला दिसलं ते फक्त घाटातल्या वळणावर.
आगपेटीएवढं.'

मग उठले.
कवळी अजून टोचते म्हणाले,
डावीकडे, खाली.