भांगाचे दिवस

काजू फॅक्टरीच्या कॅलेंडरवर, पगाराच्या तारखेखाली,
मी पेन्सिलीने अक्षरं मांडते : जि, ब, जि, ब, जि.
जि म्हणजे जिउ-जित्सू. ब म्हणजे बार.
सुपरवायझरला वाटतं, माझं काही औषध चालू आहे.

वेंगुर्ल्यात मॅट एकच,
दाभोलीच्या वाटेवर, इनास सरांच्या लाकडाच्या गिरणीमागे.
निळे-तांबडे रबरी चौकोन, त्यातले दोन उंदरांनी कुरतडलेले,
भुसा कितीही झाडला तरी केसांत घरी येतो.
तिथे सतरा वर्षांची मेताली केळुसकर
माझ्या पाठीवर चढते, गीची कॉलर गळ्याशी आवळते,
मी तिच्या मनगटावर दोनदा थोपटते.
"काकू, लवकर टॅप केलात."
लवकर नाही गो. वेळेवर.
एकोणचाळिसाव्या वर्षी एवढं एक आलंय मला.

आणि बार आहे बंदराकडे, बर्फाच्या कारखान्यावर, माडीत.
खाऱ्या वाऱ्याने त्याला दर आठवड्याला गंज धरतो,
विलास तांडेल खोबरेल लावून पुसतो, देवाच्या समईसारखा.
खाली लाद्या फुटतात धाडधाड,
वर मी ऐंशी किलो जमिनीवरून उचलते
आणि खाली ठेवते.
कुठेही न्यायचे नसतात ते. हे आईला अजून पटलेलं नाही.

गेल्या मार्गशीर्षात मी दोन्ही घट्ट धरलं.
सकाळी स्क्वॉट, संध्याकाळी मॅट,
दुसऱ्या दिवशी पुन्हा मॅट, कारण मेतालीला स्पर्धेला जायचं होतं,
त्याच्या दुसऱ्या दिवशी डेडलिफ्ट, कारण वहीत तसं लिहिलं होतं.
पहाटे उजव्या हाताची बोटं मुठीतून उघडेनात,
एकेक करून डाव्या हाताने उलगडली, सुकलेल्या जाळ्यासारखी.
बांगडे साफ करताना सुरी सुटली.
मॅटवर तर मी नुसती पडून राहिले,
हाफ गार्ड कसला, भिजलेलं पोतं.
इनास सर म्हणाले, "आज तू आलीच नाहीस."
मी तर समोर बसले होते.

बाबांनी रापणीचा दोर चाळीस वर्षं ओढला.
त्यांनी माझी बोटं हातात घेतली, वळवून बघितली,
मासळीचा ताजेपणा बघावा तशी.
"हातान ओढतंस तू. कमरेन ओढूक होया.
दोर कमरेक, आणि पाय मागे मागे."
मग बराच वेळ काही नाही.
मग : "आज अष्टमी. भांग.
दर्या पण रोज उधाणाक येणा नाय,
तू कोण लागून गेलंस?"

मी कोण, याचं उत्तर मला देता आलं नाही.

रबराने एक ब खोडला. शुक्रवारचा.
राहिलेला ब आणि मॅट यांच्यामध्ये एक अख्खा दिवस सोडला,
त्या दिवशी फक्त काजू, हिशेब आणि लवकर झोप.
पहिला आठवडा चोरी केल्यासारखा गेला.
विलास विचारायचा, आजारी आहेस काय.
वजन ऐंशीचं पंच्याहत्तर झालं, ते मी कुणाला सांगितलं नाही,
म्हणजे आत्ता सांगतेय.

बुधवारी मेताली पुन्हा पाठीवर. कॉलर पुन्हा गळ्याशी.
मी हात नुसते तिच्या बाहीत अडकवून ठेवले, ओढले नाहीत.
कंबर सरकवली. टाच रोवली. पुन्हा कंबर.
मागे मागे, वाळूत चालल्यासारखी,
आणि तिचं वजन माझ्यामागून येऊ लागलं, भरल्या जाळ्यासारखं,
जड, जिवंत, आत काय आहे ते न कळणारं.

नंतर तिने मला आर्मबारमध्ये धरलंच.
चार मिनिटांनी.

कॅलेंडरवर खोडलेल्या ब-ची जागा अजून मळकी दिसते.
सुपरवायझर म्हणाला, "औषध संपलं वाटतं?"
म्हटलं, डोस कमी केलाय.
त्याने काळजीने मान हलवली
आणि फोडलेल्या काजूंचा डबा माझ्याऐवजी स्वतःच उचलला,
हातांनी, पाठ वाकवून, चुकीचा.
मी काही बोलले नाही.
आज माझा उचलायचा दिवस नव्हता.