भोंग्यावरून

हॅलो, हॅलो. एक, दोन, तीन.
आवाज पोचतोय का वरच्या आळीला?
पोचत असंल तर बबन गुरवानं
देवळाच्या किल्ल्या घेऊन ताबडतोब यावं.

यात्रेचे तीन दिवस मी बोलतो.
एरवी वर्षभर दूध संघात फॅट लिहितो,
तीन सहा, तीन आठ, चार शून्य,
आणि मला कुणी काही विचारत नाही.

चैत्रात येरळेत वाळूशिवाय काही नसतं.
पण बांधावरचा पांगरा पेटलेला असतो
आणि करंजाची पालवी इतकी चकचकीत
की वाटतं, आत्ताच कुणीतरी
एकेक पान पदरानं पुसून गेलंय.
त्याच आठवड्यात गलाईवाले येतात.
सेलम, मदुरै, कटक, अमृतसर,
नंबरप्लेटींवरून अख्खा देश
मारुतीच्या पाराला येऊन टेकतो.
शिमग्यापर्यंत कुलपात असलेल्या घरांच्या
उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग पडतो.

मी पावत्या वाचतो.
सुबराव ज्ञानू हसबे, सेलम, पाच हजार एक.
यशोदाबाई धोंडी कुंभार, राहणार गावातच, एकावन्न.
दोन्ही एकाच आवाजात.
तेवढं मी पाळतो.

नारळावरच्या कुस्त्या चालू झाल्यात हो,
बारक्या पैलवानांनी लंगोट घट्ट बांधून यावं!
गारेगारवाल्यानं गाडी पालखीच्या वाटेतून काढावी.
काढावी म्हणतोय. ऐकू येतंय त्याला,
मुद्दाम तिकडं बघतोय.

चारच्या सुमाराला मंडपात पोरगं आणलं कुणीतरी.
पाच-सहा वर्षांचं, पिवळा गॉगल,
गुलालानं लाल झालेले कान, मुठीत पिपाणी.
नाव विचारलं, रडलं.
बाप कोण, रडलं.
मग हुंदक्यात एकच शब्द: तण्णी.

मी लगेच भोंग्यावर सांगितलं,
तानी नावाच्या बाईनं
आपलं पोरगं मंडपातनं घेऊन जावं.

तीन तान्या आल्या.
एक गुरवाची, हाताला पुरणाचं पीठ.
एक वस्तीवरची, ती घाबरून पळतच आली,
आपली चारही नातवंडं मोजली आणि परत गेली.
तिसरी तानी कासारीण,
चुतळ्यावर मांडलेल्या बांगड्या तशाच टाकून.
म्हणाली, पोरगं माझं न्हाई बाबा.
पण भोंग्यावर नाव आलं माझं.
मालक गेल्यापासनं या नावानं
हाक कुणी मारली न्हवती, म्हणून आले.

खाली बसली. पोराकडं बघितलं.
म्हणाली, अरे ओठ बघ की ह्याचं,
आणि माझ्या माठातला तांब्या भरून
त्याच्या तोंडाला लावला.
गटागटा प्यायलं. शर्ट भिजला.
गॉगल वर करून हसलं, म्हणालं: तण्णी!

बाप धापा टाकत आला शर्यतीच्या माळावरनं.
आमच्याच पाठीमागच्या बॅचचा रंगराव.
ओशाळून म्हणाला,
घरी मराठीच बोलतो रं आम्ही.
पण रडायला लागला की तमिळ येतं त्याला.
तण्णी म्हणजे पाणी.

तानी कासारीण गुडघ्यावर हात टेकून उठली.
मग बरोबरच बोलावलंस की मला.

रात्री छबिना निघाला.
खोबऱ्याचे तुकडे पत्र्यांवर तडतडले,
नाथबाबाच्या नावानं चांगभलं,
आणि गर्दीत बापाच्या खांद्यावरनं
ती पिपाणी ढोलाच्या मधेमधे घुसत राहिली,
एकदाही ठेक्यात नाही.

आता वायरी गुंडाळल्यात.
कुलपं परत लागलीत.
पांगऱ्याखाली फुलं काळी पडलीत,
शेरडं तीपण खातात.

सकाळी संघात तानी येते.
तिच्याकडं एक शेळी, आणि शेळीचं दूध
आम्ही घेत नाही, तिलाही माहीत आहे.
तरी रांगेत येऊन उभी राहते
आणि नंबर आला की म्हणते,
ए भोंगेवाल्या, तण्णी दे.

मागचे हसतात.
मी माठाकडं हात करतो,
आणि वहीत लिहितो, तीन सात.