पंचेचाळीस दिवस

बोसन आला तो पिंजऱ्यासकट,
ग्रिम्सबीच्या डिसेंबरात, माझ्या लहानशा गाडीत
मागच्या सीटवर पट्टा बांधून.
मालक आल्फ टास्कर, ट्रॉलरवरचा जुना माणूस,
आमच्या वृद्धाश्रमात सात नंबरच्या खोलीत गेला.
रात्रपाळी माझी होती. म्हणून पोपट माझा.

घरी आधीच तिघं होती:
लव्हबर्डची जोडी, अंगानं मुठीएवढी, रागानं घरभर,
आणि बिजली, कॉकटील,
जिच्या डाव्या पायाला तीनच बोटं.
चौथं त्या जोडीनं गजांमधून तोडलं,
मी फोनवर होते तेवढ्यात.

डॉसन डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मिसेस शेजवळ,
नव्याला दुसऱ्या खोलीत ठेवा, रक्ताचा रिपोर्ट येऊ दे.
पंचेचाळीस दिवस.
त्याचं पाणी वेगळं, वाटी वेगळी, फडकंसुद्धा.
आधी जुन्यांचं करा, मग त्याचं,
आणि त्याच्या खोलीतून निघताना कपडे बदला.

मी मान डोलावली.
घरी येऊन त्याच्या वाटीवर
नेलपॉलिशनं लाल खूण करायला घेतली
आणि हात तिथंच राहिला.

आमच्या बापाची कपबशी
पाटलाच्या गोठ्याच्या वळचणीला खोचलेली असे.
कान तुटलेला कप. बाप स्वतःच काढायचा,
लांबून ओतलेला चहा घ्यायचा,
स्वतःच विसळून परत खोचायचा.
त्या कपाला कुणी दिवस मोजून दिले नव्हते.

इथं विटाळ नाही गं, जंतू आहेत,
मी मला समजावते. समजतंही.
बोसनची चोच अक्रोड फोडते
आणि बिजलीचं डोकं अक्रोडाएवढंच.
तरी रोज पहाटे, पाळीवरून आल्यावर,
त्याच्या दाराबाहेर अंगातला झगा उतरवताना
कुणीतरी आपल्याला बघतंय असं वाटत राहतं.

भिंतीपलीकडून तो खोकतो.
आल्फचा खोकला, तंतोतंत,
धूर, बर्फ आणि चाळीस वर्षांच्या समुद्राचा.
जोडी गप्प होते. बिजलीचा तुरा ताठ.
मी खोकल्याचं औषध शोधायला निम्म्यात उठते
आणि पुन्हा बसते.

रविवारी आल्फ विचारतो, बरा आहे का तो?
वजन सांगते: चारशे बावीस ग्रॅम.
स्वयंपाकाच्या तराजूवर, पिठाच्या डब्याशेजारी.
आल्फ हसतो. माझ्यापेक्षा बरा, म्हणतो.

रिपोर्ट आला. स्वच्छ.
सेहेचाळिसाव्या सकाळी पिंजरा पुढच्या खोलीत आणला,
जोडीपासून दोन हात लांब, बिजलीपासून तीन.
एकत्र म्हणजे एका पिंजऱ्यात नव्हे,
हे बाईंनी दोनदा सांगितलं होतं.
बाहेर सोडायचं तेही पाळीपाळीनं,
एक फिरतोय तोवर बाकीच्यांच्या कड्या लावून,
आणि मी त्याच खोलीत, फोन बंद.

बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.
खिडकीबाहेर समुद्रपक्षी कुणाचे तरी चिप्स पळवत होते.
मग बिजलीनं शीळ घातली,
तिची ती तीन सुरांची, शेवटी घसरणारी.
आणि बोसननं तीच परत केली.
घसरण्यासकट.

म्हणजे हे भिंतीतून चालू होतं.
पंचेचाळीस दिवस मी कपडे बदलत होते, हात धूत होते,
आणि हा ऐकत होता.

मी लाल खूण रिमूव्हरनं पुसली.
पुरती गेली नाही, गुलाबी डाग राहिलाय.
तिन्ही वाट्या एकाच पाण्यात घातल्या.
कड्या मात्र पुन्हा एकदा तपासल्या,
जोडीची दोनदा.

मागून शीळ आली.
शेवटच्या सुरावर, खोकला.