मिरीची पट्टी

तुर्भ्याला, मसाला मार्केटातल्या गाळ्यात,
दोन ते तीन शेठ जेवायला घरी जातात.
तेवढा तासभर मी रोम चालवते.

कच्च्या वहीत पुढून वेलची, जिरं, घट, दलाली.
मागून सिनेट, कारस्थानं
आणि एक ड्रॅगन,
टायबरकाठच्या कोठारात मिरीच्या ढिगावर झोपणारा.
सोन्यावर झोपणारे पुष्कळ होऊन गेले,
पण सोन्याने कुणाला शिंक येत नाही.

नायिका कॅसिया.
नाव तजच्या पोत्यावर छापलेलं होतं, उचललं.
ती त्या कोठारात कारकून आहे.
दुसरं मला काय येतं?

भाचा ऋतुराज ऐरोलीहून आला, वही चाळली,
म्हणाला, मावशी, रोम कशाला?
आपले राजे संपले?

नाही रे.
आपल्या राजांसमोर मी चप्पल काढून उभी राहते.
अशी उभी राहून आरती म्हणता येते,
कादंबरी नाही लिहिता येत.
तिथल्या सम्राटाला मी तिसऱ्या प्रकरणात
अळंब्यांतून विष घातलं,
कोपरखैरण्यात एक टायर जळला नाही.
एवढं मोठं गाव मरून पडलंय, बाबा,
खांब आहेत, नळ आहेत, हमामखाने आहेत.
कुणीही जावं, राहावं,
डिपॉझिट मागायला मालक येत नाही.

हे मी त्याला ऐटीत सांगितलं.

मग एका रविवारी सीवूड्सच्या पाणथळीवर
अग्निपंख बघत बसले होते.
डोकं उलटं करून चिखल गाळत होते बिचारे.
आणि आठवलं, वाचलेलं:
ते लोक यांच्या जिभा खायचे.
जिभा. ताटभर.
किती पक्षी लागत असतील एका ताटाला,
हिशेब माझ्या डोक्यात आपोआप सुरू होतो,
तो मी थांबवला.
दोन दिवस वही मागून उघडली नाही.
तिसऱ्या दिवशी कॅसियाने
मुदपाकखान्यातली एक सुरी चोरली.
पुढे काय करणार, तिलाच ठाऊक.

सध्या अडलेय ती वेढ्यापाशी.
उत्तरेकडून टोळ्या आल्या, दरवाज्याशी बसल्या,
म्हणाल्या, जातो, पण सोनं द्या, चांदी द्या, रेशीम द्या
आणि मिरी. तीन हजार पौंड.
त्यांचा पौंड आपल्याहून लहान,
म्हणून पट्टीच्या मागे गुणाकार केला:
नऊशे एक्क्याऐंशी किलो.
एकोणीस भरती पोती आणि एक एकतीस किलोचं.

पुन्हा मांडून पाहिलं. तेवढंच.

जगाच्या राजधानीचा जीव,
आणि समोर आमच्या गाळ्यात
वायनाडच्या मिरीची चाळीस पोती थप्पीला लागलेली.

हिंदुराव बाकावर तंबाखू मळत होता.
पाटणचा माणूस. खांद्यावर टॉवेल, कमरेला आकडा.
त्याचा आकडा पोत्यात रुततो, माझा वहीत,
एवढाच आमच्यात फरक, असं तो म्हणतो.
मी म्हणते, तुझी पाठ जाते.
विचारलं, हिंदुराव, वीस पोती मिरी, किती वेळ?
वीस? चहा उकळेस्तोवर भरतो. कुठं जायचीत?
रोमला.
जेएनपीटीतनं?
नाही. फार आधी गेलीत.

मग सगळं सांगितलं त्याला.
दरवाजा, टोळ्या, खंडणी,
आणि मिरी देऊनही दोनच वर्षांनी
शहर लुटलं गेलं, तेही.
त्याने तंबाखू गालात सरकवली.
शहराचं त्याला काही वाटलं नसावं.
म्हणाला, आणि हमाली?

काय हमाली?

म्हंजे वीस पोती कोठारातनं दरवाज्यापर्यंत
कुणीतरी वाहिली की नाही?
त्याची हमाली कुणी दिली?
शहरवाल्यांनी का टोळीवाल्यांनी?

पुस्तकात बघून सांगते, म्हटलं.

चार पुस्तकं झाली बघून.
सोन्याचं वजन आहे, रेशमी अंगरख्यांची संख्या आहे.

शेठ आले. वही उलटी करून पुढून उघडली.
जिरं, बारा पोती, उंझा.
कॅसिया तिकडे काट्यापाशी उभी आहे,
विसावं पोतं अजून खाली उतरलेलं नाही
आणि ते ज्याच्या पाठीवर आहे
त्याला मी अजून नाव दिलेलं नाही.