गाढवाच्या पोटाखाली

पहिल्या दिवशी लिमा म्हणजे
ओल्या राखेचा ढीग, त्यावर कशीबशी ठेवलेली घरं
आणि टॅक्सीवाल्याचं एकच वाक्य, हातवाऱ्यांत :
काच वर घे. मोबाईल आत.
मी वहीत लिहिलं, कुरूप. दोन रात्री पुरेत.
डोंगरातल्या गावाचं तिकीट खिशात होतंच.

हॉस्टेलची नेलिदाबाई म्हणाली,
ह्या आभाळाला आम्ही गाढवाचं पोट म्हणतो.
हिवाळाभर असंच लोंबतं,
ना बरसत, ना हलत.
माझे मोजे चौथ्या दिवशीही दमट.
मनात म्हटलं, गाढव बरोबर ओळखलंत बाई,
आता लाथेची वाट बघतो.

लाथ फळबाजारात बसली.
चिरिमोयाचा वास घ्यायला वाकलो
तेवढ्यात पाठपिशवीचा खालचा कप्पा
ब्लेडनं उघडलेला, माशाच्या पोटासारखा.
गेलं काय? एक टॉर्च, अर्धी टूथपेस्ट
आणि वही.
म्हणजे 'कुरूप' हा शब्द आता
ह्या शहरातच कुणाकडे तरी आहे,
आणि त्याला तो वाचता येत नाही.

मग डोंगराकडचे रस्ते बंद पडले. संप.
बसस्थानकात माणसं गाठोड्यांवर झोपलेली,
माझ्याहून कितीतरी शांत.
दोनाच्या अकरा रात्री झाल्या.

व्हॅनच्या दारात लटकून योव्हाना ओरडायची,
"तोदो ब्रासिल! तोदो ब्रासिल!"
अख्खा ब्राझील!
तो रस्ता निघाला, देश नाही.
तिनंच माझी पिशवी ओढून पुढे बांधली :
अशी घे, पोटुशी बाई घेते तशी.
आणि जास्त दिलेलं नाणं परत केलं, रागानं.

कोपऱ्यावर संध्याकाळी झेनोबिओची गाडी.
भाजलेले जव, जवस, कसलासा पाला,
लिंबू, चांकाका.
पहिल्यांदा प्यालो तेव्हा नुसता बुळबुळीत काढा.
गाढवाला गुळाची चव काय, म्हणतात आमच्याकडे.
सातव्या संध्याकाळी कळली :
चांकाका म्हणजे गूळच की रे.

रविवारी त्याच्या वस्तीत गेलो, वर, पार वर,
जिथे नळ नाही, टँकर येतो, निळी पिंपं दाराशी.
कड्यावर जाळ्या ताणलेल्या.
त्यांत धुकं अडकतं, थेंब होतो, नळीतून टाकीत उतरतो.
म्हणजे ही माणसं
गाढवाचं दूध काढतात.
खाली सगळं शहर, तीच राख, दिवे लागत चाललेली.
सुंदर म्हणायला तोंड उघडलं,
तर झेनोबिओची सून दोन भरलेल्या बादल्या घेऊन
पिवळ्या पायऱ्या चढत होती.
मिटलं.
एक बादली मागितली. तिनं दिली नाही.

संप सुटला. शेवटच्या संध्याकाळी
झेनोबिओ म्हणाला, काय कासेरितो, निघालास?
कासेरितो म्हणजे नेहमीचं गिऱ्हाईक.
त्या शब्दाच्या पोटात 'कासा' आहे, घर.
मी जरा हळवा झालो.
मग त्यानं दंड करायला आलेल्या पोलिसालाही
कासेरितोच म्हटलं.

बसमध्ये आता मांडीवर नवी वही,
आणि हातात त्यानं भरून दिलेला काढा,
प्लास्टिकच्या पिशवीत, गाठ मारून, अजून गरम.
ही पिशवी कुठेच ठेवता येत नाही.
खिडकीवर दव. शहर संपेपर्यंत
दीड तास लागतो म्हणतात.
पेन दातांत धरून बसलोय.